नर्सरीवाल्यांना जाब विचारायचा तर कुणाकडे जायचं?

चिमणीची_आई, भुसावळ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझी पोरगी सव्वातीन वर्षांची. जूनपासून घराजवळच्या नर्सरीत घातलीय, बंगल्याच्या खालच्या मजल्यावर नर्सरी, वर मालक राहतात. परवा घ्यायला गेले तर कपाळावर हे एवढं टेंगूळ आणि कुणी काही बोलेचना, शेवटी मावशींनी हळूच सांगितलं की घसरगुंडीवरून पडली, साडेदहाला. साडेदहाला पडली आणि मला कळतंय साडेबाराला, तेही मावशींकडून! मॅडम म्हणे लहान मुलं पडतातच. पडतात, मान्य, पण एक फोन करायला काय झालं होतं?

मग मी म्हटलं तुमचा मान्यतेचा कागद दाखवा. तर दाखवलं काय, फ्रेम केलेलं फ्रँचायझीचं सर्टिफिकेट आणि गुमास्ता लायसन. म्हणजे किराणा दुकानाला लागतं तेच. वर्गात ४० मुलं, एक मॅडम, एक मावशी. वर्षाचे २८ हजार भरलेत. यांच्यावर कुणाचं लक्ष असतं का? जिल्हा परिषद, शिक्षण खातं, नगरपालिका, कोण? मिस्टर म्हणतात सोड, दुसरीकडे घालू. पण दुसरीकडेही हेच असलं तर?

निवृत्त_ताई, शहादा

ताई, आधी बाळ कसं आहे ते सांगा. उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त झोपतेय असं काही वाटलं तर आधी डॉक्टर, भांडण नंतर.

मी अंगणवाड्यांची मुख्य सेविका होते, बरीच वर्षं नंदुरबारच्या डोंगरात, धडगाव-अक्कलकुव्याकडे. तुमचं वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. आमच्याकडे एका खोलीच्या अंगणवाडीत हजेरी, वजन, लसीकरण, आहार वाटप, गृहभेटी, सगळ्याची रजिस्टरं. ती मी तपासायची, माझ्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी, त्यांच्यावर जिल्हा परिषदेचा महिला बालकल्याण विभाग. मोलगीच्या पुढे पाड्यावर जीप जायची नाही, डोंगर चढून जायचं, आणि वर पोचल्यावर काटा लटकवून पोरांची वजनं परत घ्यायची, रजिस्टरातल्या आकड्याशी जुळतात का ते बघायला.

आणि तिथला आहार म्हणजे मेहरबानी नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ६ महिने ते ६ वर्षांच्या पोराचा तो हक्क आहे, मूळ कायद्यात दिवसाला ५०० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं आकड्यात लिहिलेलं. नाही मिळाला तर जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी, त्याच्या वर राज्य अन्न आयोग. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेला तर गावातच आहार समिती. अंडी आली नाहीत की बाया पावरी बोलीत जे ऐकवायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सगळं नीट चालायचं असं म्हणत नाही हं. काटा महिनाभर बिघडलेला आणि रजिस्टरात मात्र पोरं ग्रॅम-ग्रॅमने वाढतायत, हे मी स्वतः पकडलंय. पण पकडायला मी होते ना. तुमच्या बंगल्यात कोण जाणार?

कोर्टाची_पायरी, धुळे

ताईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. नियमाने जाणारं जवळजवळ कुणीच नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी. त्याच्या कलम १८ मधली मान्यता पहिलीपासूनच्या शाळेला लागते. ३ ते ६ साठी कलम ११ आहे, पण त्यात सरकारने मोफत पूर्वप्राथमिकची सोय करावी एवढंच, खासगीवाल्याला लगाम घालणारं काही नाही. त्यामुळे नर्सरी मोठ्या शाळेला जोडलेली असली तर निदान ती शाळा तरी कचाट्यात सापडते, स्वतंत्र नर्सरी फटीतून निसटते.

आपल्या राज्यात १९९६ ला पूर्वप्राथमिक प्रवेशाचा कायदा झाला, पोरांच्या मुलाखती घेऊ नका असा, पण तो दारापर्यंतचा, आत काय चालतं त्यावर नाही. केंद्रीय बालहक्क आयोगाची खासगी प्लेस्कूलसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस, ३ वर्षांखालचं मूल घ्यायचं नाही, पालकांची समिती, सीसीटीव्ही. म्हणजे तुमच्याकडे ४० ला दोन शिक्षिका न् दोन मावश्या हव्यात. पण तत्त्वं म्हणजे कायदा नाही, तिथेच घोडं अडतं. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये शाळांना सीसीटीव्हीचा जीआर निघाला. २०२५ मध्ये शिक्षण खात्याने खासगी नर्सऱ्यांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. चांगलंय, पण नोंदणी झाली म्हणजे तपासणी झाली असं नसतं, हे कुठल्याही पोर्टलवर खातं उघडलेल्या माणसाला माहीत आहे.

खरी धार फौजदारी कायद्याला. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने क्रूरपणे वागवलं किंवा मुद्दाम हेळसांड केली तर बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५, सांभाळणाऱ्या संस्थेतला माणूस असेल तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड. घसरगुंडीवरून पडणं त्यात बसत नाही, उगाच ताणू नका. पण मारहाण, कोंडून ठेवणं किंवा त्याहून वाईट काही दिसलं तर थेट पोलीस नाहीतर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, आधी मॅडमची परवानगी घेत बसू नका.

तुमच्या प्रकरणात: लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक नगरपालिकेला, राहत्या घरात ४० पोरं बसवायची परवानगी आहे का एवढंच विचारा. पुढचं काम तो कागदच करतो.

बालवाडीवाली, चोपडा

सगळे एका माळेचे मणी नसतात हो. मी स्वतः १४ वर्षांपासून नर्सरी चालवते, २२ मुलं, दोन जणी. फी घेते ती बघून हसाल. २० ला एक शिक्षिका एक मदतनीस ठेवायची म्हटलं तर फी दुप्पट करावी लागेल, आणि तेच पालक कोपऱ्यावरच्या स्वस्त नर्सरीत जातील. मला नियम नको आहेत असं नाही, उलट हवेत, म्हणजे मी जे करते ते न करणाऱ्याला बंद तरी करता येईल. फक्त नियम आले की साहेब येतो, आणि साहेब आला की पाकीट मागतो, ही भीती खोटी आहे का सांगा.

आणि फोन केला नाही ही चूकच. माझ्याकडे ओरखडा आला तरी वहीत लिहितो, वेळ, जागा, कोण होतं, संध्याकाळी आईची सही. वहीला १० रुपये लागतात.

साक्रीची_सेविका

तेच तर शे ना भो. आम्हाला १० वह्या अन् वरून मोबाईल. पोषण ट्रॅकर ॲपवर रोजची हजेरी टाका, जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार द्यायचा तर लाभार्थीचं तोंड मोबाईलला दाखवा, मग पाकीट. पाड्यावर नेटवर्क नाही, बाई बाळ कडेवर घेऊन उन्हात उभी, अन् मोबाईल म्हणतो चेहरा जुळत नाही. जाब आम्हाला सगळे विचारतात, सरपंचापासून वरच्या ॲपपर्यंत. पण मिळतं ते मानधन, पगार नाही. ग्रॅच्युइटीसाठी सुद्धा बायकांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, एप्रिल २०२२ ला निकाल लागला तेव्हा कुठे हक्क मानला. ४ डिसेंबर २०२३ पासून संपावर बसलो तेव्हा पेपरात आलं की मुलांचे हाल. आमच्याशिवाय हाल होतात हे त्या दिवशी कळलं वाटतं.

गंमत बघा, फुकटच्या अंगणवाडीत आई येऊन दरडावते, खिचडी पातळ का. २८ हजार भरलेली आई मात्र विचारायला घाबरते, पोरीवर राग काढतील म्हणून.

चिमणीची_आई, भुसावळ

सेविकाताई, शेवटचं वाक्य अगदी बरोबर, मीच ती घाबरलेली. पोरगी ठीक आहे, डॉक्टरांनी बघितलं, काही नाही म्हणाले.

काल लेखी अर्ज दिला. एकटीने नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर ९ आया आल्या, एका पोराचा दात पडलेला तेही तेव्हाच बाहेर आलं! मॅडम पोच द्यायला तयार नव्हत्या, आम्ही बसूनच राहिलो, मग 'मिळाले' लिहून सही केली. चोपड्याच्या ताई, तुमची वहीची आयडिया मागितली, सोमवारपासून ठेवू असं मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या शिक्षिकेचं मात्र 'बघू'. पंचायत समितीत प्रत दिली, तिथल्या क्लार्कने विचारलं शाळेचा यूडायस नंबर (सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक) काय, म्हटलं नाहीये म्हणूनच तर आलेय, तर तो बराच वेळ अर्जाकडेच बघत बसला.

एकच काळजी लागलीय. ज्या मावशींनी मला सांगितलं त्या आज दिसल्या नाहीत. सुट्टीवर आहेत म्हणे. त्यांना काढलं तर त्यांनी कुठे जायचं, हे कुणाला माहीत असेल तर सांगा.