पद्मिनीच्या बाहेरच्या पट्ट्या, बंपर, अक्षरं: कुठलं काम कुणाकडे द्यायचं? (नाशिक)

निफाडचा_पद्मिनीवाला
नमस्कार मंडळी, मामांची १९७४ ची प्रीमियर पद्मिनी शेवटी माझ्याकडे आलीये, निफाडला शेडमध्ये द्राक्षाच्या क्रेटमागं बरीच वर्षं उभी होती. इंजिन चालू झालंय, आता द्वारकेजवळच्या गॅरेजला डेंटर पत्र्याचं काम करतोय आणि पुढच्या महिन्यात कलर धरू म्हणतोय. प्रश्न बाहेरच्या चकचकीत सामानाचा आहे. साइडच्या लांब पट्ट्या, काचेच्या रबरातली पट्टी, दोन्ही बंपर, व्हील कप, डिकीचं हँडल, नावाची अक्षरं असं सगळं काढून एका गोणीत भरून ठेवलंय. डेंटर म्हणतो गोणी तशीच अंबड एमआयडीसीत प्लेटिंगवाल्याकडे टाक, सगळ्याला एकदम निकल-क्रोम मारून देईल. मला शंका येतेय कारण काही पट्ट्या एकदम हलक्या आहेत, काही ताठ आहेत, एकीवर पांढरी भुकटी आलीये, बंपरला गंज आहे आणि अक्षरांवर बारीक फोड आल्यासारखं झालंय. क्लिपा निम्म्या तुटल्यात. त्यात डेंटर म्हणतोय पट्ट्यांची भोकंच बुजवून टाकू, नंतर डबल टेपनं चिकटवू, सोपं पडतं. काय करू? नाशकात होईल का सगळं की मुंबई गाठावी लागेल?

सातपूर_बफ
गोणी तशीच देऊ नकोस भाऊ, हात जोडतो. आधी सगळं सतरंजीवर पसर आणि एक लोहचुंबक घे, जुन्या स्पीकरमधलं असलं तरी चालेल. चिकटलं तर बहुतेक खाली लोखंड, म्हणजे बंपर, व्हील कप वगैरे, ते प्लेटिंगचं काम. चिकटत नाही, पातळ पण ताठ, गंज नाही, फक्त मंद पडलंय आणि ओरखडे आहेत तर स्टेनलेस, त्याला प्लेटिंग लागतच नाही, ते घासूनच चमकतं. चिकटत नाही, हातात वजनच लागत नाही आणि पांढरी भुकटी, तर ॲल्युमिनियम. चिकटत नाही पण जड आहे आणि फोड आलेत, तर झिंकची कास्टिंग, तुझी अक्षरं आणि हँडल त्यातलंच असणार. मागच्या बाजूनं कानस मारून बघ, पिवळं निघालं तर पितळ, मग नशीबवान आहेस, पितळेवर प्लेटिंग फार छान धरतं.

हे वेगळं करायचं कारण असं की प्लेटिंगवाला आधी जुना क्रोम उतरवतो आणि त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. लोखंडाचं त्यात थोडक्यात निभावतं, पण ॲल्युमिनियम आणि झिंक दोन्ही ॲसिडात विरघळतात. पोरगं गोणी ओतून चहाला गेलं की तुझी पट्टी गेली, आणि १९७४ च्या पद्मिनीची सरळ पट्टी आता दुकानात मिळत नाही.

मजबूत_पत्रा
वरच्या भाऊंचं बरोबर आहे पण चुंबकावर शंभर टक्के जाऊ नका. गाड्यांच्या पट्ट्यांना ४३० ग्रेडचं स्टेनलेसपण वापरतात, त्याला चुंबक चांगलं चिकटतं. मग ओळखायचं कसं, तर कडा आणि मागची बाजू बघायची. प्लेटिंग असेल तर कुठंतरी पापुद्रा सुटलेला दिसतो, खाली तांब्याची लाली किंवा लाल गंज दिसतो. स्टेनलेस आत बाहेर एकच रंग, मागं फक्त मळ.

आणि डेंटरला सांगा भोकं बुजवायची नाहीत. अजिबात नाहीत. डबल टेप नवीन गाड्यांच्या प्लास्टिक मोल्डिंगला ठीक आहे, ही धातूची लांब पट्टी मे महिन्याच्या उन्हात तापून वाढते, रात्री आखडते, टोकाकडून उचलायला लागते आणि मग बाहेर आलेल्या टोकात कुणाचा तरी शर्ट अडकतो. पट्टीला जराही बाक असेल तर टेप तिला धरूनच ठेवत नाही. आळशीपणाचा धंदा आहे तो.

काळीपिवळी_फॅन
क्लिपा आणि बारीकसारीक सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड, नाहीतर पुण्यात नाना पेठ. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला कायमच्या बंद झाल्या, त्याच्या आधीच बऱ्याच भंगारात गेल्या होत्या, त्यांचं सामान अजून फिरतंय. पण लक्षात ठेव की टॅक्सीवाल्यांनी वाटेल त्या वर्षाचं वाटेल ते लावलेलं असतं. १९७४ म्हणजे प्रेसिडेंटचं नाव बदलून पद्मिनी झालं तेच वर्ष, त्यामुळं तुझ्या गाडीवर डिलाइट किंवा प्रेसिडेंटच्या (याच गाडीची आधीची नावं) पट्ट्या पण निघू शकतात. जुनी पट्टी सोबत घेऊन जा, मागच्या क्लिपेच्या खाचेची रुंदी मोजून घे, फोटोवर विश्वास नको.

अवांतर: गाडी ५० वर्षांच्या पुढं गेलीये, २०२१ च्या नियमानं व्हिंटेजसाठी व्हीए सिरीजचा नंबर घेता येतो, नोंदणी २० हजार, दहा वर्षं चालते. फक्त चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळचं पाहिजे आणि मग रोज ऑफिसला न्यायची गाडी नाही ती. पेठ रोडला आरटीओत विचारून घे.

निफाडचा_पद्मिनीवाला
धन्यवाद सगळ्यांना. चुंबक फिरवलं. बंपर आणि व्हील कप चिकटले, गंज आहेच. साइडच्या पट्ट्या चिकटत नाहीत, ताठ आहेत, म्हणजे स्टेनलेस दिसतंय. काचेच्या रबरातली पट्टी हलकी आणि पांढरी भुकटीवाली. अक्षरं आणि हँडल जड, फोडवाली. आता साइडच्या पट्ट्यांना चार-पाच ठिकाणी पोचे आहेत त्याचं काय करू? आई म्हणते भांडी बाजारात बफवाल्याकडे दे, तो स्टीलची पातेली आरशासारखी करतो.

सातपूर_बफ
आईचं अर्धं बरोबर आहे. बफ तिथं चांगला मिळेल पण पोचे काढल्याशिवाय बफ मारला तर पोचा चकाकतो, एवढंच होतं. आणि पातेलं हातात दाबून धरतात तशी पट्टी दाबली तर कडा घासून गोल होतात आणि उष्णतेनं पट्टी निळसर पडते, ते परत घासण्यात धातू अजून पातळ होतो. बाजूला उभा राहून करून घे.

पोचे काढायला पट्टी पालथी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवायची, ठोकळ्याला पट्टीच्या आकाराची खाच कोरून घेतली तर अजून चांगलं, आणि आतून गोल तोंडाच्या छोट्या हातोडीनं बारीक बारीक टोले, कडेकडून मध्याकडे. घाई केली तर पत्रा ताणला जातो आणि खड्ड्याचा टेंगूळ होतो. आपल्याकडे तांबट आळीत हे हात अजून आहेत, कुणी म्हातारा कारागीर ओळखीचा निघाला तर त्याला दाखव, त्याच्यासाठी हे फार मोठं काम नाही. पोचा कितपत गेला हे बघायला वरून काळा मार्कर फासायचा आणि लाकडी पट्टीला वॉटर पेपर गुंडाळून एकदा फिरवायचा, जिथं काळं राहिलं तिथं अजून खोल आहे. मग चारशे, सहाशे, आठशे, हजार असे वॉटर पेपर पाणी घेऊन पट्टीच्या लांबीनंच, आडवे नाही. मागच्या पेपरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. शेवटी सिसलच्या (काथ्यासारख्या खरखरीत धाग्याच्या) चाकावर आणि मग मऊ कापडी चाकावर हिरवा साबण (पॉलिशची हिरवी वडी, अंगाचा साबण नव्हे) लावून.

घरी बफ मारणार असशील तर चाकाच्या खालच्या भागावर काम कर आणि चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर सुटेल अशी पट्टी धर. कड चाकाच्या समोर आली की चाक पट्टी हिसकावतं आणि ती थेट पायावर नाहीतर पोटावर येते. लोंबते बाह्यांचे कपडे नकोत, चष्मा हवा, आणि कापडी हातमोजे मुळीच नकोत, चाकात ओढले जातात.

अंबड_प्लेटर
मी याच धंद्यात आहे म्हणून सांगतो. बंपर आधी डेंटरकडून सरळ करून आण, प्लेटिंग पोचा लपवत नाही, उलट दाखवतं. मग विचार की तांबं, निकल, क्रोम असे तीन थर देणार का. क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असतो, खरा गंज अडवतो तो निकल, तो बाहेरच्या सामानाला वीस-पंचवीस मायक्रॉन तरी पाहिजे. स्वस्तवाले पातळ निकल आणि त्यावर क्रोमचा नुसता फ्लॅश (नावापुरता थर) मारून देतात, दिवाळीला झकास दिसतं आणि पुढचा पावसाळा संपेपर्यंत गंजाचे टिपके. बंपरच्या आतल्या बाजूला प्लेटिंग नीट पोचतच नाही, तिथं प्लेटिंगनंतर झिंक प्राइमर आणि सिल्व्हर पेंट मारून घे, गंज आतूनच येतो.

झिंकची अक्षरं वेगळी द्यायची आणि स्पष्ट सांगून द्यायची. फोड खरवडून खड्डे साफ करायचे, आधी सायनाइड कॉपरचा (सायनाइडच्या द्रावणातून चढवलेल्या तांब्याचा) पातळ थर, कारण ॲसिड कॉपरमध्ये (तांब्याच्या ॲसिडवाल्या द्रावणात) झिंक थेट टाकलं तर खाल्लं जातं, मग ॲसिड कॉपर चढवून घासायचं, परत चढवायचं, खड्डा भरेपर्यंत. वेळखाऊ आहे म्हणून एमआयडीसीतले बरेच जण सुट्टे दोन नग घेतच नाहीत, त्यांचं काम लॉटमध्ये चालतं. ज्याच्याकडे मोटरसायकलचं किंवा नळाच्या फिटिंगचं काम चालतं त्याला विचार.

आणि बंपर एकीकडे, व्हील कप दुसरीकडे असं करू नको. क्रोम प्लेटिंगचे दोन प्रकार आहेत, कुणाकडे हेक्साव्हॅलंट क्रोम, कुणाकडे ट्रायव्हॅलंट, एकाची झाक निळसर, दुसऱ्याची जरा काळपट. उन्हात गाडी उभी केली की लगेच कळतं.

काचेची पट्टी ॲल्युमिनियमची आहे तर ॲनोडायझिंगवाल्याकडे, म्हणजे जो वीज लावून ॲल्युमिनियमवर कडक थर तयार करतो त्याच्याकडे. जुना थर कॉस्टिक सोड्यात उतरवतात, मग पॉलिश, मग परत ॲनोडाइज. थर न उतरवता पॉलिश करत बसलास तर धब्बे धब्बे होतात कारण तो थर खूप कडक असतो. खिडक्यांचे सेक्शन करणारे सहसा मॅट फिनिश देतात, म्हणून ब्राइट पाहिजे असं आधीच सांग. सोड्याचं काम घरी करायचं डोक्यात असेल तर सोडा पाण्यात टाकतात, पाणी सोड्यावर कधीच नाही, आणि उघड्यावर करायचं, त्यातून हायड्रोजन निघतो.

मजबूत_पत्रा
आता बसवायचं. कलरच्या आधी सगळं एकदा कोरडं लावून बघ, प्लेटिंगला द्यायच्याही आधी. पत्रा ओढलाय, लांबी (पुट्टी) भरलीये, भोकं इकडंतिकडं सरकलेली असू शकतात, ते आत्ता दुरुस्त होतं, कलर झाल्यावर ड्रिल लावायला कुणाची छाती होत नाही. प्रत्येक भोकाची कड कानसून साफ कर, आतून बाहेरून झिंक प्राइमर. जुन्या गाड्या पट्टीच्या भोकातूनच सडतात, पट्टीमागं पाणी आणि माती बसते.

कलर पीयू (पॉलियुरेथेन) असेल तर वरून सुकला वाटला तरी निदान दोन-तीन आठवडे थांब, नाहीतर क्लिपेचा ठसा उठतो. मग कागदी टेपची सरळ रेघ ओढ, दहा-बारा फूट लांब जाऊन बघ. सुरुवात दारापासून कर, आधी दार बिजागरीवर बरोबर बसलेलं पाहिजे, मग त्या रेषेत पुढचं मडगार्ड आणि मागचा भाग. बोल्टवाल्या क्लिपा असतील तर मागं रबर वॉशर आणि थोडं ब्युटाइल सीलंट, नट हातानं आणि वर पाव फेरी, जास्त आवळलं की पट्टीवर बाहेरून खळगा दिसतो. दाबून बसणाऱ्या असतील तर पट्टीची वरची कड आधी अडकव, मग तळहातानं खालची दाब, हातोडी नको. मिळाल्या तर नायलॉनच्या क्लिपा घे, लोखंड आणि स्टेनलेस एकमेकांना लागून ओलं राहिलं की लोखंड आधी जातं. शेवटी दार पूर्ण उघडून बघ, पट्टीचं पुढचं टोक मडगार्डच्या पट्टीला घासतंय का. दोन-तीन मिलीमीटर फट ठेवावीच लागते.

निफाडचा_पद्मिनीवाला
भोकांचं डेंटरला सांगितलं, तोंड वाकडं केलं पण तयार झाला. काचेची पट्टी काच बसवल्यावर रबरात घालायची की आधी?

मजबूत_पत्रा
आधी. रबर नवीनच घे, उन्हात तासभर ठेव म्हणजे मऊ पडतं, टेबलावर काचेला चढव, साबणाचं पाणी लावून पट्टी खाचेत बसव, कोपऱ्यावर जबरदस्ती नको, ॲल्युमिनियम एकदा मोडलं की मोडलं. मग रबराच्या आतल्या ओठात जाड दोरा फिरव, दोन्ही टोकं खालच्या बाजूला मध्यावर गाडीच्या आत. एकानं बाहेरून तळहातानं काच दाबायची, दुसऱ्यानं आतून दोरा हळूहळू ओढायचा, ओठ आपोआप पत्र्यावर चढतो. दोन माणसं लागतातच, आणि डेंटरला घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नकोस.