बेलोरा ते मुंबई अंतर कमी, मंग विमानाले टाइम जास्त कसा?

दर्यापूरकर:
राजेहो, एक सांगा. मायले मुंबईले बहिणीकडं न्यायचं हाये, डिलिव्हरी हाये तिची. मायचे गुडघे धरतात, रात्रभर गाडीत बसवत नाही म्हणून पयल्यांदाच विमानाचं पाहून रायलो. तं मोबाईलवर बेलोऱ्याहून, म्हंजे आपल्या अमरावतीच्या विमानतळावरून, पावणेदोन तास दाखवते अन् नागपूरहून दीडच्या आसपास. नागपूर तं अमरावतीहून दीडशे किलोमीटर मांगं हाये ना, मंग तिथून लवकर कसं पोचते? का हे मधात कुठं थांबते? मायले दोनदा चढउतार जमणार नाही म्हणून इचारतो.

बडनेरा पॅसेंजर:
थांबत नाही भाऊ, सरळ मुंबई. फरक विमानाचा हाये. बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून जाते ते एटीआर, पंख्याचं, ताशी ५०० च्या आसपास चालते. नागपूरची जेट वर गेली की ८०० च्या वर. सरळ रेषेत बेलोरा-मुंबई ५४० किमी अन् नागपूर-मुंबई ६८५. आता भागून पाहा, जेट लांबून येऊनही पुढं निघते. अन् तिकिटावरचा टाइम निस्ता उडायचा नसते, विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत उभं राहीपर्यंतचा असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकीले छेदतात, एका वेळी एकच वापरता येते, म्हणून कधी कधी वरच घिरट्या घालाव्या लागतात, तेबी त्यातच धरते. हिवाळ्यात तं वारा पश्चिमेचा, जातानी समोरून लागते, येतानी लवकर येतं.

परतवाड्याची ताई:
दादा, घड्याळ विमानतळापासून नका लावू, घरच्या उंबऱ्यापासून लावा. दर्यापूरहून नागपूरले जायाचेच चार तास, मायचे गुडघे तथीच जातील. बेलोराच बरं. मी सासऱ्यांना नेलं होतं. एटीआरले मांगच्या दारातूनच चढतात, दाराले लागूनच पायऱ्या असतात, थोड्याच पण उभ्या. म्हणून तिकीट काढतानीच व्हीलचेअर मांगून घ्या. सीट मांगची घेजा, चालणं कमी अन् पंख्याचा आवाजबी कमी येते. पंख वर असते, खिडकीतून खालची वावरं सरळ दिसतात, सासरे तं शेवटपर्यंत खिडकी सोडत नव्हते. उतरतानी कान दडपतात, तोंडात खडीसाखर देजा. फक्त हे विमान रोज नसते, येतानीची तारीख पयले पाहून घ्या.

दर्यापूरकर:
लय उपकार झाले ताई, भाऊ. बेलोराच पक्कं. मायनं डिंकाचे लाडू अन् घरचं तूप काढून ठेवलं बहिणीसाठी, नेऊ देतात ना?

बडनेरा पॅसेंजर:
लाडू हातात न्या, काही म्हणत नाहीत. तुपाची बरणी मातर हातात नको, झाकण टेपनं घट्ट बांधून मोठ्या बॅगीत कपड्याच्या मधात ठेवा, ते बॅग काउंटरवर द्या.