मदत हवी आहे: टीटी-०२ उजव्या वळणावर गरगर फिरते. मोटर बदलू का?

सांगलीचा_भडंग

नमस्कार मंडळी. आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाड्यांबद्दल इथे कुणाला कितपत माहिती असेल कल्पना नाही, पण विचारून बघतो.

मी मूळचा सांगलीचा, सध्या इंग्लंडमध्ये मिडलंड्स भागात असतो. जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी गालिचा अंथरून आरसी गाड्यांच्या शर्यती होतात. दिवाळीनंतर लेकीला (वय १०) घेऊन नुसता बघायला गेलो आणि दुसऱ्या आठवड्यात टामियाचं टीटी-०२ किट घरी आलं. म्हटलं तर तिच्यासाठी. एक-दशांश आकार, शाफ्टवर चालणारी फोर व्हील ड्राइव्ह, सोबत सिल्व्हर कॅन ५४० मोटर (साधी, ब्रशवाली). दोन रविवार लावून जोडली. लहानपणी जत्रेतली चावीची गाडी खोलून परत न जोडल्याबद्दल मार खाल्ला होता, त्याची भरपाई झाली म्हणा.

पाच शुक्रवार झाले. नंबर कायम शेवटून पहिला किंवा दुसरा. तक्रारी अशा:

डावीकडे छान वळते. उजवीकडे वळवली की मागचा भाग सुटतो आणि गाडी गिरकी घेते, दर लॅपला नाही पण दोन-तीन लॅपमागे एकदा नक्की.

सरळ पट्ट्यावर बाकीचे पुढे निघून जातात. म्हणून किटमधलं २२ दातांचं पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) काढून ऑनलाइन मागवलेलं २४ दातांचं बसवलं. तेव्हापासून करर्र असा आवाज येतो आणि पाच मिनिटांत मोटर इतकी तापते की हात लावता येत नाही.

आता १३.५ टर्नची ब्रशलेस मोटर आणि तिला चालेल असा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) घ्यायचा विचार आहे. बायको म्हणते आधी गाडी चालवायला शीक. तुम्हाला काय वाटतं?

टवाळ_टोणगा

वहिनींना +१. धागा बंद करायला हरकत नाही.

बेअरिंगबाई

भडंग, मोटर घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

मी चिंचवडला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात आहे, त्यामुळे तुमचा करर्र आवाज वाचूनच दात आंबले. नवं पिनियन कुठल्या मापाचं आहे? पाकिटावर ४८ पिच किंवा ४८ डीपी असं काही लिहिलंय का? टीटी-०२चे गिअर ०.६ मॉड्यूलचे आहेत (मॉड्यूल आणि पिच ही दातांच्या आकाराची दोन वेगळी मापं), आणि ०.६ मॉड्यूल म्हणजे पिचच्या भाषेत साधारण ४२.३. दोन्ही पिनियन शेजारी ठेवली तर डोळ्यांना सारखीच दिसतात, पण २४ दातांचं ०.६ मॉड्यूलचं पिनियन पिच व्यासाने १४.४ मिमी असतं आणि ४८ पिचचं १२.७ मिमी. या गाडीत मोटर बसवायची भोकं दातांच्या संख्येनुसार ठरलेली आहेत, म्हणजे तुमचं पिनियन स्परपासून (पिनियनने फिरणारं मोठं गिअर) साधारण ०.८५ मिमी लांब बसलंय. दातांची टोकंच टोकांवर घासतायत. ते पिनियन काढा आणि स्परचे दात बघा. खाल्लेले असतील तर स्परही नवा लागेल, तो काही महाग नाही.

मोटर तापायचं दुसरंही कारण असू शकतं. पिनियनचे २२ आणि स्परचे ७० दात धरले तर या गाडीचा एकूण रेशो ८.२७ पडतो (मोटर तेवढ्या वेळा फिरली की चाक एकदा फिरतं), कारण त्यापुढे डिफरन्शिअलमध्ये (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) आणखी २.६ पट आहे. २४ केलंत की ७.५८. हॉल लहान असेल, सारखी वळणं असतील, तर सिल्व्हर कॅन बिचारी प्रत्येक वळणातून तेवढा जास्त भार ओढत बाहेर येते. छोट्या ट्रॅकवर २२ वाईट नाही.

आणि बेअरिंग घातलीत का? साध्या किटमध्ये प्लास्टिकचे बुश (बेअरिंगच्या जागी बसणाऱ्या साध्या रिंगा) येतात. ५ × ११ × ४ मिमीची बॉल बेअरिंग सगळीकडे घाला. (माझं नाव असंच पडलेलं नाही.) गाडी हातात धरून चाक फिरवा आणि सोडा, फरक तिथेच कळेल. मोकळी फिरणारी गाडी सरळ पट्ट्यावरही पुढे जाते आणि मोटरही कमी तापते. पैसा लावायचाच तर पहिला इथे.

सांगलीचा_भडंग

ताई, दंडवत! पाकिट कचऱ्यातून शोधून काढलं. ४८ पिचच आहे. दुकानाची चूक नाही, मीच नुसते दात मोजून मागवलं. स्परची अवस्था भुट्टा खाल्ल्यासारखी झालीय.

बेअरिंग नाहीत. मॅन्युअलमध्ये 'वेगळी मिळतात' असं वाचलं होतं, पण मला वाटलं ते हौशी लोकांसाठी.

गालिचावाला

मीही इंग्लंडमध्येच, सहा-सात हिवाळे हॉलमधल्या गालिच्यावर काढलेत. आधी दोन प्रश्न. एक, तुमच्या वर्गाचे नियम काय आहेत? क्लबमध्ये नवख्यांसाठी बहुतेक सिल्व्हर कॅनचाच वर्ग असतो आणि त्यात ब्रशलेस चालतच नाही. तुम्ही १३.५ घेऊन गेलात तर सरळ वरच्या वर्गात पाठवतील, जिथे लोक कार्बन फायबरच्या चेसिस घेऊन येतात. दोन, निकालाचा कागद किंवा फोटो आहे का? ट्रान्सपाँडरमुळे (गाडीतला ओळख पाठवणारा छोटा पुर्जा) प्रत्येक लॅपची वेळ नोंदलेली असते. ती इथे टाका.

सांगलीचा_भडंग

नियम विचारून आलो. मोटर सिल्व्हर कॅनच, टायर सगळ्यांना एकाच प्रकारचे, बाकी बेअरिंग, तेलाचे डँपर (धक्के शोषणारे) वगैरे चालतं. १३.५ मागवली असती तर पैसे पाण्यात होते.

मागच्या शुक्रवारचा निकाल: पाच मिनिटांची हीट (एक छोटी शर्यत), माझे १७ लॅप, ३०६.४ सेकंद, सर्वोत्तम लॅप १४.२. पहिला आलेल्याचे २२ लॅप, ३०१.८ सेकंद. त्याचा सर्वोत्तम १३.१. पाच लॅप मागे, म्हणजे गाडी हळूच आहे ना?

गालिचावाला

नाही. आकडेमोड करून बघा.

तुमचा सर्वोत्तम लॅप १४.२. तसाच लॅप सलग काढत राहिलात तर २१ लॅप २९८.२ सेकंदांत होतात. पाच मिनिटं संपायच्या आत रेष ओलांडली की चालू झालेला लॅप पूर्ण करता येतो, म्हणजे २२वा लॅप ३१२.४ ला. त्याचेही २२, तुमचेही २२, मध्ये साडेदहा सेकंद. अन् हे आत्ताच्या गाडीवर, खाल्लेल्या स्परसकट. पाच लॅपचा जो खड्डा दिसतोय तो सगळा गिरक्या, फळीवर आपटणं आणि मार्शल (ट्रॅकच्या कडेचा मदतनीस) येऊन गाडी सुलटी करेपर्यंत वाट बघण्याचा आहे. वेगवान मोटर घातली असती तर हाच खड्डा वाढला असता.

त्यामुळे आता खरा प्रश्न उजव्या वळणाचा. गाडी जोडताना स्टिअरिंगचा सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) बसवलात तेव्हा रिमोट आणि रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणला होता का? की तसाच बसवून नंतर गाडी एका बाजूला ओढते म्हणून रिमोटवर ट्रिम (स्टिअरिंगचा मध्य सरकवायचं बटण) फिरवून सरळ केली?

सांगलीचा_भडंग

तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात उभे होतात का? अगदी तसंच केलं. ट्रिम जवळजवळ टोकाला आहे.

गालिचावाला

हे नव्वद टक्के नवखे करतात, मीही केलं होतं. ट्रिमने चाकं सरळ दिसतात, पण सर्व्होचा दांडा वाकडाच राहतो. मग एका बाजूला चाक कमी वळतं, दुसऱ्या बाजूला जास्त. तुमच्या गाडीची पुढची चाकं बहुधा उजवीकडे गरजेपेक्षा जास्त वळतायत. तुम्ही डावीकडे देता तेवढंच बोट उजवीकडे देता, गाडीला मात्र दीडपट मिळतं.

उपाय फुकट आहे. ट्रिम शून्यावर आणा, रिमोट आधी आणि गाडी नंतर चालू करा, सर्व्हो मध्यावर येऊन थांबला की दांड्याचा स्क्रू काढून तो बरोबर काटकोनात बसवा. सर्व्होच्या आसावरच्या काट्यांमुळे (दात्यांमुळे) अगदी नेमका बसला नाही तर उरलेला किंचित फरक स्टिअरिंगच्या रॉडची लांबी बदलून काढा. शेवटी रिमोटमध्ये डाव्या-उजव्या टोकाची मर्यादा वेगवेगळी बसवता येत असेल, तर जमिनीवर हळू गतीने दोन्हीकडे पूर्ण गोल मारून बघा. दोन्ही गोल सारखे आले पाहिजेत.

एवढं करूनही एकाच बाजूला सुटत असेल तर चेसिसला पीळ पडलाय का बघा. गाडी काचेवर ठेवा, पुढच्या बंपरच्या बरोबर मध्यावर खालून स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून हळू उचला. दोन्ही चाकं एकदम उठली पाहिजेत. एक आधी उठलं तर वरचे स्क्रू ढिले करून, गाडी काचेवर दाबून धरून पुन्हा आवळा. मागूनही तसंच करून बघा.

बेअरिंगबाई

यात माझी भर. साध्या किटमधले घर्षणाचे डँपर असतील तर तेही अडकतात, एका बाजूचा वर येतो, दुसरा येत नाही, आणि पीळ नसताना पीळ असल्यासारखं दिसतं. बेअरिंगनंतरचा खर्च तेलाच्या डँपरचा. भरताना दांडा हळूहळू वरखाली करून बुडबुडे जाऊ द्या, मग झाकण लावा. चारही डँपर हातात दाबून एकाच वेगाने परत येतायत ना ते तपासा. घाई केलीत तर स्वयंपाकघरात तेल आणि वहिनींचे शब्द, दोन्ही सांडतील.

टवाळ_टोणगा

मी चेष्टा करायला आलो होतो आणि आता किटच्या किमती बघत बसलोय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालेल का ही?

बेअरिंगबाई

टोणगा, चालेल, पण आपल्याकडची धूळ बेअरिंग आणि डिफरन्शिअल खाते. दोन-तीन वेळा चालवलीत की खोलून पुसा. सिमेंटच्या खडबडीत जमिनीवर टायरही पटापट झिजतात. आमचं पार्किंग रविवारी सकाळी सात ते आठ, वॉचमनकाका मार्शल. त्यांना आता माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गालिचावाला

भडंग, एक राहिलं, आणि हे बाकी सगळ्याच्या आधी बघा. बॅटरी कुठली वापरताय? लिपो (लिथियम पॉलिमर) असेल तर ईएससीत लिपो कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर बंद करणारी सोय) आहे का? टामियाच्या टीबीएलई-०२एस या ईएससीमध्ये तो नाही. निकेल बॅटरीला त्याचं काही वाटत नाही, पण दोन सेलची लिपो दर सेल ३ व्होल्टच्या खाली गेली की खराब होते, फुगते, आणि पुढच्या चार्जिंगला पेट घेऊ शकते. कटऑफ नसेल तर वेगळा अलार्म लावा, नाहीतर लिपो चालणारा ब्रश्ड ईएससी घ्या. चार्जिंग कायम बॅलन्स पद्धतीने (सगळे सेल सारखे भरत), समोर बसून. आठवडाभर ठेवायची असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवू नका, सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

डिफरन्शिअलबद्दल थोडक्यात: पुढच्यात घट्ट ग्रीस भरा, मागच्यात साधं पातळ. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्यावर गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते आणि मागचं सुटणं कमी होतं. या गाडीचं डिफरन्शिअल सीलबंद नाही, सिलिकॉन तेल घातलंत तर गळत राहील. ग्रीसच बरं.

आणि पुढचे दोन शुक्रवार रिमोटवर थ्रॉटलची कमाल ८० टक्क्यांवर ठेवा. अभिमान गिळावा लागेल.

सांगलीचा_भडंग

(तीन आठवड्यांनी)

उशिराबद्दल क्षमस्व, मध्ये लेकीची परीक्षा होती.

लिपोच होती, ईएससीत कटऑफ नव्हता. वाचल्यावर पोटात गोळा आला. बॅटरी एका बाजूने किंचित फुगलेली निघाली, ती नगरपालिकेच्या संकलन केंद्रात देऊन आलो. आता नवा ईएससी, नवी बॅटरी.

सर्व्होचा दांडा तब्बल तीन काटे वाकडा होता. सरळ केल्यावर हॉलच्या वाटेवरच्या पार्किंगमध्ये गोल मारून बघितले, दोन्ही सारखे. उजवीकडची गिरकी गेली. म्हणजे अजून फिरते, पण आता दोन्ही बाजूंना समान न्यायाने फिरते आणि तेव्हा चूक माझी असते हे मलाही कळतं. बेअरिंग घातली, २२चं पिनियन परत, नवा स्पर. मोटरवर बोट टेकवता येतं. डँपर अजून पाकिटातच आहेत, ताईंचं तेलाचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवायची चूक केली.

थ्रॉटल ८० टक्के. पहिल्या शुक्रवारी १९ लॅप, काल २०. सर्वोत्तम लॅप १४.४, म्हणजे आधीपेक्षा हळूच, आणि तरी तीन लॅप जास्त! हे अजून पचत नाहीये.

काल एका हीटला रिमोट लेकीला दिला. तिने एकदाही फळीला न लावता २० लॅप काढले, माझ्यापेक्षा चार सेकंद आधी. स्टँडवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी तिला पुढच्या आठवड्यासाठी जुनी गाडी वापरायला देऊ केलीय. तीही टीटी-०२ आहे आणि तिचा स्पर शाबूत आहे.

तर आता नवीन शंका. नवी बॅटरी चौकोनी केसची आहे आणि चेसिसमधली जागा गोल कडांच्या जुन्या पॅकसाठी आहे, एका कोपऱ्यात अडकते. कानस लावून चेसिसचं प्लास्टिक घासू, की गोल कडांचीच बॅटरी परत घेऊ? कानस घरात आहे.

बेअरिंगबाई

कानस खाली ठेवा. फोटो टाका आधी.