मॉर्टन हार्केट : एका गाण्यावर आयुष्यभराची पेन्शन?

टेपवाला
माळा आवरताना 'आ-हा'ची कॅसेट सापडली. ऐकली, आणि जुनं मत पुन्हा पक्कं झालं. नॉर्वेच्या या त्रिकुटाचा गायक मॉर्टन हार्केट म्हणजे 'टेक ऑन मी', बाकी शून्य. आणि तेही त्याच्या गळ्यामुळे चाललं नाही. १९८४ मध्ये हेच गाणं पहिल्यांदा आलं तेव्हा ब्रिटनमध्ये आपटलं होतं. गळा तोच, चाल तीच! मग निर्माता ॲलन टार्नीने ते नव्याने केलं, स्टीव्ह बॅरनने पेन्सिल-रेखाटनांचा तो व्हिडिओ काढला, आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर. त्यानंतर तिथे पहिल्या दहात यांचं एकही गाणं नाही. करा हिशेब.

बिनसाखर
अमेरिका म्हणजेच जग का हो? ब्रिटनमध्ये 'टेक ऑन मी' दुसऱ्या नंबरावर अडकलं. पहिला नंबर मिळाला तो पुढच्या 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही'ला, जानेवारी १९८६ मध्ये. १९८७ ला बाँडपटाचं शीर्षकगीत. १९९१ ला रिओच्या माराकाना स्टेडियमवर दोन लाखांच्या घरात माणसं. एवढी गर्दी काय व्हिडिओ बघायला आली होती?

टेपवाला
गर्दी बँडची. बहुतेक गाणी पॉल वॉक्तारची, कीबोर्डवर मॅग्ने फुरुहोल्मेन. हार्केट देखणा होता, पोस्टरवर छापायला बरा.

तानपुरा_सैल
गाणी दुसऱ्याने लिहिली म्हणून गायक उणा? मग लताबाईंचं काय करायचं, टेपवाले? 'टेक ऑन मी'चं ध्रुवपद एकदा बाथरूममध्ये म्हणून बघा. खालून सुरू होतं, पायरी पायरीने चढतं आणि शेवटचा सूर थेट तारसप्तकात. माझा तिसऱ्या पायरीवरच गळा बसतो.
तुमच्या व्हिडिओच्या मुद्द्याला उत्तर २०१७ च्या अनप्लग्ड मैफलीत आहे. नॉर्वेच्या गिस्के बेटावर तेच गाणं संथ लयीत गायलंय. ढणढणाट नाही, रेखाटनं नाहीत. सत्तावन्न वर्षांचा माणूस आणि त्याचा आवाज. १९९३ ला त्याने नॉर्वेजियन कवींच्या धार्मिक कवितांचा अख्खा अल्बम मातृभाषेत गायला. पोस्टरवाला माणूस कशाला असले उद्योग करील?

बिनसाखर
आणि जून २०२५ मध्ये त्याने पार्किन्सन्स झाल्याचं जाहीर केलं. आवाजावरही परिणाम झालाय. आता तरी जरा हात आखडता घ्या.

टेपवाला
आजाराचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण आजाराचा दाखला देऊन वाद जिंकायचा नाही.

फिरती_चाकं
थोडं अवांतर. १९८९ ला हार्केट, मॅग्ने आणि बेलोना या पर्यावरण संस्थेचे फ्रेडरिक हाउगे यांनी विजेवर चालणारी फियाट पांडा नॉर्वेत आणली. टोल भरायचा नाही, नियम तोडायचे! सरकार गाडी जप्त करून लिलावात काढायचं, हे पुन्हा विकत घ्यायचे. पुढे तिथे विजेच्या गाड्यांना करमाफी आणि टोलमाफी मिळाली त्यात या आडमुठेपणाचाही वाटा आहे.

टेपवाला
गाडीचे पैकीच्या पैकी मार्क. गाण्याचे नाहीत. गिस्केवालं काल रात्री ऐकलं. दोनदा. तरी नाहीत.

तानपुरा_सैल
दोनदा का बरं?