लासेन ते क्रेटर लेक: ज्वालामुखीच्या मुलखात फोटोसाठी कुठे थांबावं?

रानवाट:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या मध्याला आई-बाबांना घेऊन सॅन होजेहून कॅलिफोर्नियातलं लासेन, बर्नी धबधबा, शास्ता पर्वत आणि पुढे ओरेगनमधलं क्रेटर लेक असा गाडीने प्रवास ठरतोय. आठवडाभर सुट्टी आहे. बाबा साताऱ्याला भूगोल शिकवायचे, ज्वालामुखी हा त्यांचा आवडता धडा. पण गुडघ्यांमुळे मोठा चढ जमणार नाही. माझ्याकडे क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, १८-१३५ मिमीची झूम लेन्स आणि ट्रायपॉड आहे. इंटरनेटवर पाहिलं तर सगळ्यांचे फोटो त्याच ठरावीक जागांचे. कुठे, कोणत्या वेळी थांबावं? काळा दगड फोटोत राखाडी येतो, त्याला काय करावं? पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का?

कातळवेडा:
मी रेडिंगला राहतो, मूळचा जुन्नरचा. हा रस्ता फार जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

सगळ्यात आधी बाबांना पुढच्या सीटवर बसवा आणि त्यांना बोलू द्या. मनापासून सांगतोय. इथे कुठे काय घडलं हे कळलं की कॅमेरा कुठे रोखायचा तेही कळतं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, म्हणून आडव्या पट्ट्या आणि सपाट माथे. इथे डोंगर सुटे उभे आहेत आणि प्रत्येकाची हकिकत वेगळी.

लासेनला दक्षिणेच्या दाराने शिरा. आत गेल्यावर लगेच सल्फर वर्क्स लागतं. तिथे रस्त्याला लागूनच चिखल खदखदत असतो, बाबांना फार चालावं लागणार नाही. सकाळच्या गारठ्यात वाफ दाट दिसते; सूर्य वाफेच्या मागे येईल असे उभे राहा. बंपस हेल याहून भव्य आहे, पण जाऊन-येऊन तीनेक मैल, तेही आठ हजार फुटांच्या वर. फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरू नका. ज्या बंपसचं नाव त्या जागेला आहे, त्याचा पाय वरचं पातळ कवच फुटून तिथेच भाजला होता.

२२ मे १९१५ला लासेनचा सर्वांत मोठा स्फोट झाला. त्यात उजाड झालेल्या भागात ‘डेव्हास्टेटेड एरिया’ नावाची छोटी सपाट पायवाट आहे. तिथे शिखर आणि पुढे त्यातून वाहून आलेले दगड एकाच चौकटीत घ्या. २०२१च्या डिक्सी वणव्यात उद्यानाचा मोठा भाग जळला. ती काळी खोडं लोक फोटोतून कापतात, मला ते पटत नाही. ती आजच्या लासेनचाच भाग आहेत.

मँझानिटा लेक संध्याकाळसाठी ठेवा. शिखर तळ्याच्या आग्नेयेला असल्याने मावळतीचं ऊन थेट त्याच्या तोंडावर पडतं. शेजारच्या लूमिस म्युझियममध्ये जरूर जा. १९१४च्या उद्रेकाची छायाचित्रं टिपणाऱ्या बी. एफ. लूमिस यांचं नाव त्याला आहे. हातात कॅमेरा असलेल्या माणसाने तिथे थोडा वेळ द्यायलाच हवा.

शास्ताचा बर्फाळ माथा सगळेच काढतात. तुम्ही शास्ताजवळच्या वीड गावाच्या उत्तरेला आय-फाइव्ह महामार्गावरून जाऊन दोन्ही बाजूंच्या बुटक्या टेकड्या पाहा. तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी त्या काळच्या शास्ताचा मोठा भाग कोसळला, त्याचे हे तुकडे! १९८०मध्ये वॉशिंग्टन राज्यातला सेंट हेलेन्स ज्वालामुखी ढासळला तेव्हा कुठे भूशास्त्रज्ञांना या टेकड्यांचा उलगडा झाला. महामार्गावर थांबू नका, बाहेर पडून गावाकडच्या रस्त्याला लागा. ऊन कललं की लेन्सच्या १३५ मिमी टोकावर टेकड्यांच्या सावल्या आणि मागे डोंगर, एवढंच घ्या. सगळ्या प्रवासात मला सगळ्यात प्रिय दृश्य हे आहे.

काळ्या दगडाचं म्हणाल तर कॅमेऱ्याचा मीटर अंधार समजून फोटो उजळ करतो. एक्स्पोजर साधारण एक स्टॉप (म्हणजे प्रकाश निम्मा) कमी करा, रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवा आणि ऊन बाजूने येऊ द्या. डोक्यावरच्या उन्हात लाव्हाचा पोत मरतो.

क्रेटर लेकला मात्र उलटं. तिथे भर दुपारी जा. पाणी अत्यंत स्वच्छ आणि १,९४३ फूट खोल, त्यामुळे उंचावरून येणारं ऊन आत शिरून निळं होऊन परततं. पहाटे पाण्यावर नुसती चकाकी मिळते. पोलरायझर इथे घ्याच, पण १८ वर आकाशात डाग पडतो, २४च्या पुढे राहा. मँझानिटाला प्रतिबिंब हवं असेल तर तो काढून ठेवा.

आणि क्रेटर लेकच्याच उद्यानातले पिनॅकल्स नावाचे सुळके चुकवू नका. तापलेल्या राखेतून वायू वर येताना आजूबाजूची राख घट्ट झाली, बाकीची धुपून गेली, सुळके उरले. खालून फिकट, वर गडद. उद्रेक चालू असताना शिलारस बदलत गेला, तो क्रम त्या रंगांत दिसतो. वाट सपाट आहे.

धुकेरी:
सप्टेंबरमध्ये वणव्यांचा धूर असू शकतो, रोज एअरनाऊ या हवेच्या गुणवत्तेच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. धूर असेल तर मी दूरचे डोंगर सोडून बर्नीला जाते. १२९ फुटांचा धबधबा आहे, पण पाणी फक्त वरून पडत नाही, बेसॉल्टच्या थरांमधून शेकडो धारांनी बाहेर येतं. वरचा कठडा वाहनतळाजवळच आहे. कड्यावर ऊन यायच्या आधी अर्धा सेकंद शटर ठेवा आणि पोलरायझर लावून ओल्या दगडाची चकाकी काढा.

रानवाट:
दोघांचेही मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं. ते विचारतायत, क्रेटर लेक लोणारसारखं का? आणि ड्रोन चालेल का?

कातळवेडा:
लोणार उल्कापाताने झालं. हे सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वत पोटातला शिलारस बाहेर पडल्यावर आत कोसळून झालं. बाबांना वॉचमनच्या थांब्यावर न्या. समोर विझार्ड आयलंड दिसेल, तो त्यानंतर तळातून वर आलेला शंकू. त्याच्या माथ्यावरही एक छोटं विवर आहे, १३५ वर ते नीट येतं.

ड्रोनला राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, घरीच ठेवा. क्लॅमथ फॉल्सला टाकी भरून घ्या आणि स्वेटर हाताशी असू द्या. कडा सात हजार फुटांवर आहे, सप्टेंबरातही संध्याकाळी आई-बाबांना थंडी वाजेल.