पावसाळ्यानंतर अँटेनाचा रोटेटर अडखळतोय: नुसतं ग्रीस, की छर्रेही बदलू?

खाडीकाठ
ऐरोली, आठव्या मजल्याची गच्ची. तीन एलिमेंटची यागी अँटेना, खाली तिला फिरवणारा यासू जी-४५० रोटेटर, वर मास्टला (अँटेनाच्या खांबाला) आधार देणारं थ्रस्ट बेअरिंग. ईशान्येकडे वळताना दर वेळी अडखळतो, कुरकुरतोही. उघडून ग्रीस भरलं की भागेल?

तारवाला
थांबा, उघडू नका. एकाच दिशेला अडखळतोय ना? वारा पडलेला असताना थ्रस्ट बेअरिंगचे बोल्ट सैल करून पूर्ण फेरी मारा. सुरळीत फिरला तर मास्ट मधोमध बसलेला नाही. रोटेटरच्या बुडाचे बोल्ट ढिले करा, वरचं बेअरिंग मास्टभोवती सारखं आवळा, रोटेटर फिरवत फिरवत त्याची जागा त्यालाच शोधू द्या आणि बूड शेवटी आवळा. मास्टचं वजन रोटेटरवरच राहू द्या. वरचं बेअरिंग आडव्या भारासाठी.

तरीही अडखळला तर रेसला (छर्रे फिरतात त्या खाचेला) गंजाचे खड्डे पडले असणार. उघडण्याआधी रोटेटरच्या दोन्ही भागांवर मार्करने खूण करा, नाहीतर पॉट (आतला, दिशा कळवणारा पोटेन्शिओमीटर) आणि दिशा दाखवणारा मीटर यांचा मेळ जातो. मोठ्या परातीत उलटा ठेवून उघडा; छर्रे सुटे असतात, टुणकन उडतात. वरच्या-खालच्या रेसचे वेगवेगळे मोजून ठेवा. रॉकेलने धुवा, पण पॉट आणि मोटरला त्याचा थेंबही लागू देऊ नका. चार छर्रे गंजले असले तरी सगळेच बदला: नव्यातला एखादा केसभर मोठा निघाला की सगळा भार त्याच्यावर. माप व्हर्नियरने घ्या. ६ मिमीच्या जागी सायकलचे पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीचे, घालू नका. मुंबईत नागदेवीच्या बेअरिंगवाल्यांकडे विचारा.

ग्रीस लिथियम, २ नंबर. पातळ थर पुरे. ठासून भरलेलं ग्रीस पॉटपर्यंत पोचतं.

गच्चीवरचा
खाडीची खारी हवा म्हणून स्टेनलेस छर्रे घ्यावेत का?

तारवाला
३०४ प्रतीचं स्टेनलेस नको, मऊ असतं, चपटं होतं. ४४० सी प्रतीचं चालेल. साधे क्रोम स्टीलचेही टिकतात, ग्रीस वेळेवर बदललं तर.

जुना बीम
बुडाची फट सिलिकॉनने बंद करायचा मोह आवरा. आत साचलेला दमट वाफारा पाणी होऊन तिथूनच बाहेर पडतो. केबल मात्र खाली झोळ देऊन आत घ्या.

खाडीकाठ
बोल्ट सैल केले. अडखळणं गेलं, कुरकुर तशीच आहे.

तारवाला
म्हणजे मास्टही तिरका आणि ग्रीसही वाळलेलं. रोटेटर खाली उतरवाच. छर्रे चकचकीत निघाले तर धुऊन तेच परत घाला.