मदत हवी आहे: नव्या एअर रायफलचा ग्रुप (छर्रे एकाच जागी लागणं) जमत नाही

नमस्कार मंडळी, मी ठाण्याचा, घोडबंदर रोडला राहतो. नुकतीच .१७७ ची (म्हणजे ४.५ मिमीची), नळी मोडून भरायची स्प्रिंगवाली एअर रायफल घेतली. क्लबच्या रेंजवर १० मीटरला छर्रे पाच-सहा सेंटिमीटर पसरतात, तेही वर-खाली. आडवे फारसे नाहीत.

स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू आवळले. पुढचा उजवा चक्क अर्धा फेरा फिरला, तरी फरक नाही. दुर्बीण काढून साध्या साइटवरही (बंदुकीवरच्या नेमाच्या खुणांवरही) तेच. (स्प्रिंगचा झटका मागे-पुढे दोन्हीकडे बसतो, साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते, म्हणून आधी तिच्यावरच संशय होता.) छर्रे ताटलीत ओतून पाहिले तर बऱ्याच छर्ऱ्यांची मागची कड चेपलेली. ते बाजूला काढल्यावर जरा बरं. लाकडी ठोकळ्यावर टेकवली की नेम वर जातो, तळहातावर सैल ठेवली की ग्रुप आवळतो.

दुकानदार म्हणतो, "डबाभर छर्रे मारा, आपोआप बसेल." मला हे अर्धंच पटतं.

नळीच्या बिजागरीत ढिलेपणा आहे का, हे घरी कसं तपासायचं? छर्रे ४.५० मिमीचे घ्यावेत की ४.५२ मिमीचे? आणि ठाणे-नवी मुंबईत स्प्रिंग गन नीट खोलून बघणारं कुणी आहे का? वॉरंटी चालू आहे, म्हणून स्वतः खोललेली नाही.